एकोणतीसचा पाढा आणि तीन खाचरं

पाहुण्यांना दाखवायचं एक मूल प्रत्येक शाळेत असतं. आमच्याही होतं. मुठा खोऱ्यातल्या एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आहेत. तिसरी एका फळ्याकडे तोंड करून बसते, चौथी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही वर्गांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या असतात. मी मधून येरझाऱ्या घालते. मोठ्या शाळांतले लोक हे ऐकून हळहळतात. त्यांनी हळहळू नये. एका खोलीत दोन इयत्ता असल्या की चलाख पोराला वरची इयत्ता आपोआप ऐकायला मिळते, आणि ही सोय त्यांच्याकडे नाही.

दाखवायचं मूल म्हणजे तिसरीतली एक मुलगी. लहानखुरी, दोन घट्ट वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तिला तीसपर्यंतचे पाढे पाठ होते. ते तिला तिच्या आजोबांनी शिकवले होते. त्यांना सगळी वाडी आबा म्हणते. पिरंगुटच्या एका कंपनीत गेटवर नोकरी करून ते घरी बसले होते, म्हणजे तसे बसलेले कधी नसायचेच. सकाळी शेतात, आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवर नातीला घेऊन पाढे. त्यांच्या जुन्या चालीत. मग तो पाढा वाडीभर फिरायचा. लग्नात, जयंतीच्या कार्यक्रमात, गिरणीवर दळण होईपर्यंत, जिथं चार माणसं दिसतील तिथं आबा म्हणायचे, “म्हन गं.” आणि ती म्हणायची.

शाळेत पाहुणे आले की आम्हीही तेच करायचो. स्वागतगीत झालं, गुलाबाची फुलं देऊन झाली, की सर घसा साफ करून म्हणायचे, “आता आमची एक विद्यार्थिनी तुम्हाला पाढा म्हणून दाखवेल.” त्यात काही वाईट आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. एखाद्या घरी पाहुणे आले की शोकेसमधली चांगली कपबशी निघते, तसंच ते.

त्या दिवशी हिंजवडीकडच्या एका कंपनीतली मंडळी आली होती. भातं काढून झाली की अशा फेऱ्या वाढतात. हवा छान असते, रस्ता कोरडा असतो, आणि वाटेतली खिंड उतरली की फोटो चांगले येतात. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, डिकीत दप्तरं आणि रंगपेट्या. मंडळी मनानं चांगली असतात, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ठेवलीच तर एवढंच म्हणेन की त्यांना टाळ्या वाजवायची फार सवय असते. पोरगं शिंकलं तरी वाजवतील.

आबा नेहमीप्रमाणे दाराच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. नात पुढं आली, हात मागं बांधले. एका पाहुण्यानं हसत विचारलं, “सगळ्यात अवघड कुठला?” सर म्हणाले, “एकोणतीसचा म्हण.”

“एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न...” सुरात, मान हलवत, एका दमात. एकोणतीस सक झालं. आणि ती थांबली.

नजर कुठंतरी लागलेली. ओठ हलत होते पण आवाज नाही. सगळी खोली थांबली. सर हळूच म्हणाले, “साता...” मीही भुवया उंचावून तिला “हं, हं” करत होते. पाढा विसरली, दुसरं काय असणार? मग टी-शर्टवाल्यांतल्या एका मुलीला तिची कीव आली आणि तिनं टाळ्या सुरू केल्या. “इट्स ओके बेटा! खूप छान!” लगेच सगळ्यांनी वाजवल्या. आमच्या पोरांनीही वाजवल्या. मुलगी दचकली, सगळ्यांकडे पाहिलं, आणि जागेवर जाऊन बसली. आबा आपल्या चपलांकडे बघत होते.

निघताना आबा दारात तिला म्हणाले ते मी ऐकलं होतं. “इचार कशाला करायचा? पाढा म्हनताना इचार करायचा न्हाई. नुसतं म्हनायचं.” तेव्हा दप्तरं वाटायची गडबड होती. ते वाक्य माझ्या कानावर पडलं आणि तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प झाली.

हे समजायला ती आधी कशी होती ते सांगायला हवं. पाढे ही तिची आबांसाठीची गोष्ट होती. माझ्या वाट्याला यायचे ते तिचे प्रश्न. “बाई, घड्याळात बारानंतर तेरा का न्हाई, एक का?” किंवा, मी सम-विषम संख्या शिकवून दमून पाणी पीत असताना, “पन बाई, सम जास्त हायेत का विषम? शेवटचा आकडा कंचा त्येच ठावं न्हाई, मग कसं म्हनायचं?” मी म्हणायची, “आधी फळ्यावरचं पूर्ण कर.” ते तिचं केव्हाच पूर्ण झालेलं असायचं. आणि मग ती मान मागं वळवून चौथीचा फळा वाचत बसायची. दिवसातून किती वेळा मी “तोंड इकडं कर” म्हणत असेन, देव जाणे.

आता तोंड इकडेच होतं. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, बरोबर सोडवायची, वही मिटायची. हात वर नाही. विचारलं तर “न्हाई येत.” येत असूनही. पाहुणे येणार असं कळलं की त्या दिवशी पोट दुखायचं. वर्ग शांत झाला आणि मला करमेनासं झालं. इतके दिवस जिच्या तोंडाला मी वैतागले होते, तिनं तोंड उघडावं म्हणून मी मुद्दाम फळ्यावर चुका करू लागले. पाच आणि आठ चौदा लिहिलं. सगळा वर्ग ओरडला. ती नाही ओरडली.

मला भीती वाटली ती खरी सांगते. ही पोरगी पास होत राहणार, पहिला नंबर येत राहणार, कौतुक होत राहणार, आणि आतून दार लावून घेणार. कुणाला पत्ताही लागणार नाही. नापास होणाऱ्या पोराकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं.

त्याच सुमाराला पौडला आमचं प्रशिक्षण निघालं. विषय नेमका प्रज्ञावान विद्यार्थी. पडद्यावर लक्षणं एकाखाली एक येत होती. चटकन उत्तर देतो. आत्मविश्वासाने बोलतो. पुढाकार घेतो. मी शेजारच्या बाईंना विचारलं, “आणि बोलेनासंच झालं तर?” त्या म्हणाल्या, “चहा कधी आहे हो?” त्यांचंही बरोबर होतं, सकाळपासून बसलो होतो.

संध्याकाळी घरी आले. मी राहते सूसला, सोसायटीत. लिफ्टमध्ये आमच्याच मजल्यावरची एक आई भेटली. नवरा-बायको दोघं आयटीत, अमरावतीकडून आलेले. “मॅडम, आमचा मुलगा गिफ्टेड आहे, टेस्ट पण केली, पण स्कूलमध्ये तो खूप बोअर होतो. काय करू?” एरवी मी मनातल्या मनात हसले असते. त्या दिवशी नाही हसले. तिच्या मुलाला वर्गात लवकर झाल्यावर आणखी दहा तशीच गणितं मिळत होती, आणि माझ्या वर्गातल्या मुलीला आणखी एक पाढा. आजार एकच, फक्त तिच्याकडे त्याला इंग्रजी नाव होतं. मी म्हटलं, “मलाही हेच विचारायचंय कुणाला तरी.” ती हसली, तिला वाटलं मी विनय करतेय.

मग एके दिवशी मी चौथीकडे तोंड करून पाढे घेत होते. एक पोरगा एकोणतीस साताला अडकला. मी वाट बघत होते, म्हणजे रागानं बघत होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, तिसरीच्या रांगेतून, पुटपुटल्यासारखा आवाज आला, “शेवटी तीन येनार.”

मी वळले. ती वहीत डोकं खुपसून बसली होती. वर्गात काही विचारायचं नाही, एवढं शहाणपण मला देवानं त्या क्षणी दिलं. दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर मी तिला ओट्यावर बोलावलं. खडूनं फरशीवर एकाखाली एक आकडे लिहिले. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, असं करत एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत. खडू तिच्याजवळ ठेवला आणि ताटं धुणाऱ्या पोरांवर ओरडत बसले, म्हणजे तिला वाटावं माझं लक्ष नाही. ओरडायला मला कारण लागत नाही, त्यामुळे तिला संशय आला नाही.

बऱ्याच वेळानं पाहिलं तर तिचं बोट शेवटच्या आकड्यांवरून खाली सरकत होतं. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. मग तिनं खडू घेतला आणि खाली फक्त शेवटचे आकडे लिहिले. तीन, दोन, एक, शून्य. त्यांच्या डावीकडचे आकडे तिनं नंतर भरले, एखादी रिकामी जागा भरावी तसे.

“हे कधी दिसलं तुला?”

“पावनं आल्ते तवा. म्हनता म्हनता दिसलं.”

“म्हणून थांबलीस?”

तिनं मान हलवली. “एकेक कमी हुत व्हतं. मी बघत व्हते, शून्यापर्यंत जातंय का. तवर समद्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“अगं, मग सांगायचं नाही का?”

ती खडूनं फरशीवर टिंबं काढत राहिली. “आबा म्हनलं, पाढा म्हनताना इचार करायचा न्हाई.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला राग येतो. खोलीभर मोठी माणसं बसलेली, त्यांत मी, सर, इंजिनियर लोक, आणि ज्या घटकेला त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं आपण काही शोधलं त्याच घटकेला आम्ही तिची समजूत घालत होतो. दुसऱ्या दिवशी ती दप्तर ठेवायच्या आधी माझ्या कानाशी आली. “बाई, एकोणतीस म्हंजी तीसला एक कमी. दर बारीला एकेक कमी, म्हनून खाली येतंय.” आणि जागेवर जाऊन बसली. पण हे सगळं कुजबुजून. वर्गात पुन्हा मुकी.

मी शाळा सुटल्यावर स्कूटर सरळ आबांच्या दारात नेली. भांडायच्याच तयारीत होते.

“जय भीम, बाई. या, बसा.” चहा आला. मी म्हटलं, “आबा, तिला पाहुण्यांपुढं उभं करणं बंद करा. सगळीकडेच बंद करा.” आणि काय घडलं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले.

“बाई, माझ्या बापाला शाळंच्या वट्यावर बसवत,” ते म्हणाले. “कानावर येईल तेवढं शिकायचा. मला आत घेतलं, पन मागं, दाराशी. ही फुडं हुबी ऱ्हाती. समदी गप बसून तिचं आयकत्यात. त्ये बंद करू म्हंता?”

मी चहा प्यायले.

“त्या दिशी पोरगी थांबली तवा माजं काळीज थांबलं. वाटलं, आता म्हनत्याल, ह्यांचं एवढंच. मानूस इचार कराय लागलं का अडतं, बाई. अडलं का लोक हासत्यात. म्हनून म्या तिला म्हनलं.”

निघताना त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या स्कूटरला अडकवली. भांडायला गेलेली बाई शेंगा घेऊन परत आली. खिंड चढताना मला एवढंच कळत होतं की मुलीचं पुढं उभं राहणं थांबवायचा मला काही हक्क नाही. ते चार पिढ्यांचं उभं राहणं होतं. तिला पुढं उभं राहूनही थांबायची मोकळीक हवी होती. आणि ती मोकळीक माझ्या सांगण्यानं मिळणार नव्हती, आबांकडून यायला हवी होती. ती आणायची कशी, ते चांदे-नांदे मागं टाकून सूस आलं तरी सुचलं नाही.

सुचलं ते पोरांमुळे. शनिवारी आमच्याकडे दप्तराविना शाळा असते, मग आम्ही बाहेर हिंडतो. भातं निघाली की पोरं खाचरांच्या बांधांवर एक खेळ खेळतात. प्रत्येक बांधावरून चालायचं, एकही सोडायचा नाही, पण एका बांधावरून दोनदा जायचं नाही. उडी मारायची नाही. शाळेमागं दोन खाचरं आहेत, मध्ये एक बांध. तिथं हा खेळ जमतो. मधला बांध जिथं बाहेरच्या बांधाला मिळतो तिथून निघायचं, एवढीच खुबी, आणि ती पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

ओढ्याच्या अंगाला आबांची तीन खाचरं आहेत. एका ओळीत, मध्ये दोन बांध. मी आबांना निरोप धाडला, शनिवारी पोरांना घेऊन येते, तुम्ही हजर राहा. ते आलेच, कारण पोरं बांध फोडतील ही धास्ती.

एकेकानं चालून बघितलं. प्रत्येक वेळी एक बांध उरायचा. या टोकानं निघा, त्या टोकानं निघा, कुठला तरी उरायचाच. चौथीची पोरं एकमेकांवर ओरडायला लागली. “बाई, तुमी सांगा.” मी म्हटलं, “मलाही येत नाही.” खरंच येत नव्हतं. सरांनी खिशातून मोबाईल काढला, “शोधून बघू का?” मी त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. इतक्या वर्षांत त्यांना माझी सवय झालीय.

मुलगी कडेला उभी होती. बघत होती, पण बांधावर पाय ठेवत नव्हती. चुकलं तर सगळे बघतील, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आबांना राहवेना. सगळा जन्म त्या बांधांवर गेलेला. “सरा बाजूला, तुमाला न्हाई जमायचं.” चपला काढल्या आणि चढले. वालाचे वेल सांभाळत, काठी टेकत, या बांधानं गेले, त्या बांधानं आले, आणि एक उरला. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातून निघाले. मधल्या बांधाच्या तोंडाशी आले आणि थांबले. इकडं वळायचं की तिकडं. थांबलेच.

झालं, पोरांना तेवढंच हवं होतं. “आबा अडलं! आबा अडलं!” म्हणत ती टाळ्या पिटायला लागली.

आबा मागं न बघताच ओरडले, “गप बसा रं! जरा इचार करू द्या की!”

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. कारण त्यांनी हळूच मान वळवली आणि पोरांच्या घोळक्यात नातीला शोधलं. मला वाटेल ते बोलायची खोड आहे, पण तेव्हा मी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

ती बांधावर चढली. त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली.

“आबा, इचार केला तर चालतंय?”

“चालतंय,” ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “चालतंय, बाय माजे.” आणि काठीनं पुढचा बांध दाखवत म्हणाले, “आता ह्यो कसा घ्यायचा, सांग.”

ती दोघं उन्हं तापेपर्यंत त्या बांधांवर फिरत होती. बाकीची पोरं कंटाळून ओढ्यात खेकडे शोधायला गेली. मी बांधावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. इतकी सुखात मी बऱ्याच दिवसांत बसले नव्हते.

पुढं कित्येक दिवस ती तीन खाचरं सगळीकडे उमटत होती. शाळेच्या ओट्यावर खडूनं, वहीच्या मागच्या पानांवर, विहाराच्या अंगणात काठीनं. काठीची रेघ आबांची, हे मला ओळखू यायचं. मी माझ्या फळ्याचा एक कोपरा आखून ठेवला, तिथं फक्त अडलेलं लिहायचं. सुटलं की पुसायचं. चौथीतल्या एकानं लिहिलं, “कोंबडी उडत का न्हाई.” माझ्या वर्गात ज्ञानाची अशी चढाओढ कधी लागली नव्हती. आणि मी एक नियम काढून टाकला. ज्याचं काम झालं त्यानं तोंड हव्या त्या फळ्याकडे करावं.

एका सकाळी हजेरी चालू असताना तिचा आवाज आला. कुजबूज नव्हे. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

“बाई, ते हुनारच न्हाई.”

“तुला येत न्हाई म्हनून म्हनतीस,” चौथीतून कुणीतरी म्हणालं.

ती उठली आणि फळ्यापाशी गेली. तीन खाचरं काढली. मधले दोन बांध जिथं बाहेरच्या बांधांना मिळतात तिथं चार ठिपके दिले. “हितं बगा. हितं तीन बांध भेटत्यात. एकानं आलं, दुसऱ्यानं गेलं, तिसरा ऱ्हातो. त्यावरनं परत आलं का भाईर जायला वाटच न्हाई. म्हनून अशा जागंवरनं एक तर निघायचं, न्हाईतर तितं संपवायचं. निघायचं एकदाच, संपवायचं एकदाच. म्हंजी दोन जागा चालत्यात. शाळंमागं दोनच हायेत. आबांच्या खाचरात चार हायेत.”

चौथीच्या पोरानं येऊन ठिपके मोजले, बोटानं रेघा गिरवल्या, आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसला. मी हजेरीच्या अर्ध्यातून उठून तिला जवळ घेतलं. मला जे येत नव्हतं ते मला आठ वर्षांच्या पोरीनं शिकवलं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की पुढच्या तासाला मी कुणावरही ओरडले नाही. सर पलीकडच्या खोलीतून बघून गेले, सगळं ठीक आहे ना म्हणून.

आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “हुनारच न्हाई? मंग एवढं दिस म्या येड्यावानी फिरतुया!” पण हेच ते वाडीतल्या चौघांना पुन्हा पुन्हा सांगत होते. आता गिरणीवर पाढा नसायचा. आता आबा लोकांना तीन खाचरं काढून द्यायचे आणि गंमत बघत बसायचे.

उन्हाळा लागता लागता पुन्हा पाहुणे आले. वेगळी कंपनी, वेगळ्या रंगाचे टी-शर्ट, दप्तरं तशीच. सकाळी मी तिला विचारलं, “पोट दुखतंय का?” म्हणाली, “न्हाई.” आबा पायरीवर, पांढरा शर्ट. गाणं झालं, फुलं झाली. सरांनी घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं आणि तिला नुसतंच “ये” म्हणाले.

ती पुढं आली. एका पाहुण्यानं विचारलं, “काय म्हणणार? पाढा?”

“पाढा येतोय,” ती म्हणाली. “दुसरं दाखवू?”

तिनं फळ्यावर तीन खाचरं काढली आणि पाहुण्यांतल्या पुढच्या बाईंच्या हातात खडू दिला. चांगल्या पस्तिशीच्या, चष्म्याच्या, शिकलेल्या बाई. “खडू उचलायचा न्हाई. गेलेल्या रेघंवरनं परत जायचं न्हाई. आन हुतंय का न्हाई त्ये बी तुमीच सांगायचं.”

बाई हसत उठल्या. एकदा काढून बघितलं, एक रेघ राहिली. पुसून पुन्हा काढलं, पुन्हा राहिली. हसू गेलं. खडू फळ्याला टेकवून त्या थांबल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. खोली गप्प झाली. मागं बसलेल्या त्यांच्याच माणसांतल्या एकाला अवघडल्यासारखं झालं. “अरे, गुड ट्राय, गुड ट्राय!” म्हणत त्यानं टाळी वाजवायला हात उचलले, त्याचं बघून आमच्या पोरांनी उचलले, आणि सवयीनं आबांनीही.

मुलीनं झटकन हात वर केला.

“वाजवू नका,” ती म्हणाली. “म्याडम इचार करत्यात.”

आबांनी जुळत आलेले हात परत मांडीवर ठेवले.